सिंडेलफिंगेनला जाताय? मग 180 मोजू नका, डबल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही स्टुटगार्टजवळ राहता. ऑफिसातल्या मंडळींनी सिंडेलफिंगेनच्या ग्लासपालास्टमध्ये होणाऱ्या युरोपियन डार्ट्स ग्रां प्रीची तिकिटं काढली आहेत आणि तुम्हालाही चला म्हणतायत. तयारी म्हणून तुम्ही काही जुने सामने पाहिले. जगातल्या पहिल्या पाचांतला खेळाडू वीस-पंचवीस मिनिटांत कुणा अनोळखी माणसाकडून हरतो, हे बघून तुम्हाला वाटलं की हा बराचसा नशिबाचा खेळ असावा. तिथे जाऊन नेमकं बघायचं काय, आणि बारा वर्षांच्या मुलीला हा खेळ शिकवावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सतरा वर्षं इथल्या क्लबमध्ये स्टील डार्ट्स (धातूच्या टोकाचे डार्ट) खेळते, जिल्हा पातळीच्या लीगमध्ये उतरते आणि सहा वर्षांपासून क्लबच्या मुलांना शिकवते. युरोपियन टूर म्हणजे वर्षभर वेगवेगळ्या शहरांत होणारी व्यावसायिक स्पर्धांची मालिका, तुमची ग्रां प्री तिच्यातलीच. तिच्या स्पर्धा जवळपास दरवर्षी प्रेक्षक म्हणून पाहिल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा नशिबाचा खेळ नाही. पण युरोपियन टूरची रचनाच अशी आहे की चांगल्या आणि अतिशय चांगल्या खेळाडूंमधलं अंतर दिसायला वेळच मिळत नाही. पहिल्या फेरीपासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत प्रत्येक सामना 11 लेगचा (लेग म्हणजे एक डाव) असतो, म्हणजे आधी 6 लेग घेईल तो जिंकला. उपांत्य सामना 7 लेगपर्यंत आणि अंतिम सामना 8 लेगपर्यंत. प्रत्येक लेगमध्ये दोघेही पाळीपाळीने तीन-तीन डार्ट टाकत 501 पासून खाली उतरत जातात आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये (बोर्डाच्या कडेचं अरुंद कडं, तिथे आकडा दुप्पट धरतात) किंवा मधल्या लाल बुलमध्येच लागावा लागतो.

आता एक साधा हिशेब करू. समजा एक खेळाडू समोरच्यापेक्षा खरोखर सरस आहे, इतका की शंभर लेग खेळले तर तो 55 जिंकेल. या पातळीवर हा फरक मोठा आहे. तरीही 11 लेगचा सामना त्याने जिंकण्याची शक्यता येते साधारण 63 टक्के. म्हणजे तीन सामन्यांतला एक तो हरणारच, किंबहुना जरा जास्तच. आणि मानांकित खेळाडूला करंडक उचलायला असे पाच सामने सलग जिंकावे लागतात. पाचही वेळा त्याच्यापेक्षा तेवढेच कमी खेळाडू समोर आले, असं धरलं तरी विजेतेपदाची शक्यता दहात एकच्या आसपास राहते. नेदरलंड्सच्या मायकेल व्हॅन गर्वेनने या टूरवर तीसहून जास्त विजेतेपदं मिळवली आहेत. हा हिशेब मांडल्यावर त्या आकड्याचं वजन कळतं. चांगल्या काळात तो किती पुढे होता, हे जागतिक स्पर्धेच्या लांबलचक सामन्यांपेक्षा मला या छोट्या सामन्यांतच जास्त जाणवतं.

म्हणून तिथे गेल्यावर पहिली गोष्ट बघा ती बुलची फेक. सामना सुरू होण्याआधी दोघेही मध्यावर एकेक डार्ट टाकतात, आणि ज्याचा जवळ तो पहिला लेग सुरू करतो. सभागृहात त्या वेळी निम्मे लोक उभे राहून गात असतात, काही जण बिअरच्या रांगेत असतात, आणि ही फेक कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण हिशेब बघा. पहिला लेग ज्याने सुरू केला तोच तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा लेगही सुरू करतो. तीन डार्टमागे शंभरच्या सरासरीने खेळणारा खेळाडू साधारण 15 डार्टमध्ये लेग संपवतो. त्याने सुरुवात केली असेल तर तोवर समोरच्याच्या हातून फक्त 12 डार्ट गेलेले असतात. म्हणजे दोघे अगदी सारखे खेळले तर सुरुवात करणाराच जिंकतो, आणि 5–5 झाल्यावर ही सवलत बुल जिंकणाऱ्याच्या पदरात पडते. अर्ध्या तासापूर्वीचा तो एक डार्ट शेवटच्या लेगमध्ये परत हिशेबाला येतो.

दुसऱ्याने सुरू केलेला लेग जिंकणं म्हणजे ब्रेक. टेनिसमध्ये सर्व्हिस ब्रेक म्हणतात तसाच. 11 लेगच्या सामन्यात एक ब्रेक पुरतो, आणि तो ब्रेक होतो डबलवर.

इथेच नवीन प्रेक्षक फसतो. पंच घसा ताणून 'वन हंड्रेड अँड एटी' म्हणतो, टेबलांवरच्या पुठ्ठ्याच्या पाट्या वर जातात, सगळा हॉल उड्या मारतो, आणि आपल्याला वाटतं की हाच जिंकतोय. तीनही डार्ट ट्रेबल 20 मध्ये (आकडा तिप्पट करणारा आतला अरुंद रकाना) बसवणं फार अवघड आहे, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. तो रकाना साडेतीन सेंटीमीटरहून कमी लांब आणि फक्त 8 मिलिमीटर रुंद असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 1 आणि 5 असतात, म्हणजे नेम जरा हलला की शिक्षा. एक डार्ट 20 ला, एक 5 ला, एक 1 ला गेला की 26 होतात, आणि आमच्या क्लबमध्ये हा आकडा ऐकला की सगळ्यांच्या माना खाली जातात. पण 180 मारून लेग जिंकला जात नाही. आपल्याकडे कॅरममध्ये राणी घेतली आणि कव्हर घेता आलं नाही तर राणी परत मधोमध जाऊन बसते, तसं आहे हे. ट्रेबल म्हणजे राणी आणि डबल म्हणजे कव्हर. ज्याचं कव्हर चुकतं त्याच्या राणीला काही अर्थ राहत नाही.

याचं मला आठवणारं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बेल्जियमच्या वीझे गावातलं आहे. मार्च 2024 मध्ये तिथल्या ऑक्टोबरहॅलेनमध्ये बेल्जियन डार्ट्स ओपनचा अंतिम सामना झाला. एका बाजूला माजी विश्वविजेता रॉब क्रॉस आणि दुसऱ्या बाजूला 17 वर्षांचा ल्यूक लिटलर, टूरवरच्या पहिल्याच स्पर्धेत. त्या सामन्यात लिटलरने नऊ डार्टचा लेग केला, म्हणजे 501 सगळ्यात कमी डार्टमध्ये संपवले. यापेक्षा वर या खेळात काहीच नाही. आणि तरीही सामना 7–7 वर गेला, शेवटच्या लेगपर्यंत ताणला गेला, मग कुठे लिटलर 8–7 ने जिंकला. कारण नऊ डार्टचा लेगही गुणफलकावर एकच लेग म्हणून चढतो. तीस डार्ट लागलेला, डबलवर डबल चुकत कसाबसा जिंकलेला लेगही तेवढ्याच किमतीचा.

तुम्ही पाहिलेल्या सामन्यात 101 सरासरीचा माणूस 92 वाल्याकडून हरला, असं तुम्ही लिहिलंय. ते याच कारणाने. सरासरी सांगते की माणूस किती वेगाने खाली उतरला. तो दारापर्यंत पोचून आत गेला का, हे ती सांगत नाही. त्यासाठी पडद्यावर 'चेकआउट' या नावाखालचा आकडा बघा. डबलवर टाकलेल्या दहा डार्टपैकी चार लागले तर व्यावसायिक खेळाडूही समाधानाने घरी जातो.

डबलचा रकाना ट्रेबलपेक्षा लांब असतो, पाच सेंटीमीटरच्या आसपास. रुंदी तीच, 8 मिलिमीटर. पण तो बोर्डाच्या कडेला असतो. डार्ट तारेच्या बाहेर गेला की शून्य. आत गेला तर उरलेला आकडा अर्धा होतो. या 'अर्धा होण्यात'च सगळं शहाणपण आहे. एक प्रसंग सांगते.

लीगमध्ये आम्हीच आळीपाळीने गुण लिहायला उभ्या राहतो. लिहिणाऱ्याने बोर्डाशेजारी उभं राहायचं, तोंड बोर्डाकडे, अंग अजिबात हलवायचं नाही, खेळणाऱ्याकडे वळून बघायचं नाही. त्या दिवशी 2–2 झाले होते आणि शेवटचा लेग होता. आमच्या क्लबची एक मुलगी 82 वर होती, समोरची बाई 32 वर. माझ्या तोंडापासून बोर्ड हातभर लांब. 82 वर काय करायचं हे मी तिच्याकडून शंभर वेळा घोकून घेतलं होतं, कारण हा आकडा शिकवायला फार सुंदर आहे. पहिला डार्ट मधोमध टाकायचा. लाल बुल लागला तर 50 गेले, 32 उरले, डबल 16. आणि त्याच्या भोवतीच्या हिरव्या कड्यात गेला तर 25 गेले, 57 उरले. मग साध्या 17 मध्ये एक टाकला की 40 उरतात, डबल 20. म्हणजे नेम थोडा चुकला तरी दार उघडंच राहतं.

तिने पहिला डार्ट टाकला, हिरव्यात. दुसरा टाकला, 17 च्या मोठ्या पट्ट्यात मधोमध. आता 40. माझ्या मागे तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. तिसरा डार्ट डबल 20 च्या वरच्या तारेला लागून बाहेरच्या काळ्या कडेत शिरला. तारेवर डार्ट घासतो तेव्हा 'टिक्' असा बारीक आवाज होतो, तो फक्त जवळ उभं राहणाऱ्यालाच कळतो. शून्य. मी 40 तसेच ठेवले.

समोरची बाई पुढे आली. 32 वर तिचा पहिला डार्ट डबल 16 च्या आत, साध्या 16 मध्ये पडला. उरले 16, म्हणजे डबल 8. दुसराही आत गेला, साध्या 8 मध्ये. उरले 8, म्हणजे डबल 4. तिसरा डबल 4 मध्ये बसला आणि सामना संपला. तिच्या दोन चुका झाल्या होत्या, पण दोन्ही आतल्या बाजूला. आमच्या मुलीची एकच झाली, ती बाहेरच्या बाजूला. 32 या आकड्याचं महत्त्व हेच आहे: 16, 8, 4, 2, 1, प्रत्येक वेळी आत चुकलात तरी पुढचा डबल तयार. 40 चे मात्र 20 आणि मग 10 होतात, आणि डबल 5 ला साध्या 5 मध्ये चुकलात की विषम आकडा येऊन एक डार्ट दुरुस्तीत जातो. खेळाडू शेवटच्या टप्प्यात मुद्दाम 32 किंवा 40 शिल्लक राहील असे डार्ट टाकतात. तुम्ही ग्लासपालास्टमध्ये बसलात की कुणीही 200 च्या खाली आला की मनात वजाबाकी सुरू करा. शाळेत पाढे पाठ केलेल्या आपल्या लोकांना ते अवघड नाही. दहा मिनिटांत तुम्हाला खेळाडूच्या आधी कळायला लागेल की तो आता कुठे नेम धरणार, आणि त्या क्षणापासून हा खेळ तुमचा होतो.

एक गोष्ट आणखी लक्षात घ्या. सगळ्यात जास्त शिलकेतून एका फेकीत संपवता येतं ते 170 वरून: ट्रेबल 20, ट्रेबल 20, बुल. पण 169, 168, 166, 165, 163, 162 आणि 159 या शिलकांवरून तीन डार्टमध्ये संपवताच येत नाही. म्हणून एखादा मोठा खेळाडू अचानक 20 सोडून 19 कडे वळला तर तो चुकला असं समजू नका. तो या आकड्यांना वळसा घालत असतो. कधी आधीचे डार्ट आडवे पडून 20 चा रकाना झाकतात, तेव्हाही तो 19 वर जातो.

आता स्पर्धेच्या रचनेबद्दल, कारण कोणत्या दिवशी जायचं हे त्यावर ठरतं. एकूण 48 खेळाडू असतात. 2025 च्या पद्धतीप्रमाणे जागतिक क्रमवारीतले पहिले 16 थेट दुसऱ्या फेरीत येतात. प्रो टूरच्या कमाईच्या यादीतून आणखी 16, टूर कार्ड (व्यावसायिक टूरवर खेळण्याचा परवाना) असलेल्यांच्या पात्रता स्पर्धेतून 10, यजमान देशाच्या पात्रता स्पर्धेतून 4, नॉर्डिक-बाल्टिक भागातून एक आणि पूर्व युरोपातून एक. हे 32 जण शुक्रवारी पहिली फेरी खेळतात, आठ सामने दुपारी, आठ संध्याकाळी. शनिवारी 16 मानांकित उतरतात. रविवारी दुपारी तिसरी फेरी आणि संध्याकाळी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे सगळे सामने. म्हणजे जो जिंकतो तो रविवारी दुपारी एक आणि संध्याकाळी तीन सामने खेळलेला असतो. अंतिम सामन्यात दमलेला हात दिसतो, खांदा किंचित खाली आलेला दिसतो, आणि डबल बाहेरून चुकायला लागतात.

तुमच्या सहकाऱ्यांनी शनिवारचं तिकीट काढलं असणार, कारण मोठी नावं त्या दिवशी येतात. जरूर जा. पण जमलं तर शुक्रवारची दुपारही चुकवू नका, आणि हे मी मनापासून सांगते. यजमान पात्रतेतून आलेल्या चौघांत पोटापाण्यासाठी दुसरं काम करणारी माणसं असतात. आयुष्यभर क्लबच्या तळघरात, दिव्याच्या पिवळ्या उजेडात खेळलेला माणूस अचानक हजारो लोकांसमोर, ध्वनिवर्धकाच्या आवाजात, धुरातून चालत मंचावर येतो. मी एका शुक्रवारी अशाच एकाला पाहिलं. 5–5 झाले होते आणि त्याला सामन्यासाठी चार डार्ट डबलवर मिळाले. चारही चुकले. हरल्यावर त्याने समोरच्याशी हात मिळवला, पंचांशी मिळवला, गुण लिहिणाऱ्या दोघांशी मिळवला, मग प्रेक्षकांकडे वळून हात छातीवर ठेवला. पूर्ण हॉल उभा राहिला. एवढा आदर मी रविवारच्या विजेत्यालाही क्वचित मिळताना पाहिला आहे.

मानांकित खेळाडूंवर शनिवारी एक वेगळंच ओझं असतं, ते माहीत असलं की सामना वेगळा दिसतो. क्रमवारी ही दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. 2025 च्या मोसमात एका स्पर्धेची एकूण रक्कम 1,75,000 पौंड होती, विजेत्याला 30,000, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 1,250 आणि दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला 2,500. पण मानांकित खेळाडू आपला पहिलाच सामना हरला तर त्याला पैसे मिळतात, क्रमवारीत मात्र ते धरले जात नाहीत. समोरचा बिगरमानांकित आदल्या दिवशी एक सामना जिंकून, मंचाची सवय होऊन, बोर्डाचा आणि उजेडाचा अंदाज घेऊन आलेला असतो. मानांकित मात्र थंड हाताने उतरतो आणि त्याला लगेच 6 लेग हवे असतात. मोठी नावं शनिवारी पडतात त्याचं कारण बरंचसं इथे आहे. त्याला नशीब म्हणणं दोघांवरही अन्याय आहे.

हीच माणसं टूरवर आणखी एक प्रकार खेळतात, प्लेयर्स चॅम्पियनशिप. 128 खेळाडू, ओळीने मांडलेले बोर्ड, समोर प्रेक्षक नाहीत, एका दिवसात सगळं. हिल्डेसहाइमच्या हॅले 39 मध्ये अशा स्पर्धा होतात आणि त्याच जागी युरोपियन टूरची जर्मन डार्ट्स चॅम्पियनशिपही भरते. तोच माणूस, तेच अंतर, तरी एकीकडे शांततेत राजा असलेला खेळाडू दुसरीकडे लोकांसमोर हरवून जातो. उलटही होतं. 2023 मध्ये त्याच हिल्डेसहाइमला जर्मनीचा रिकार्डो पीट्रेच्को अंतिम सामन्यात पीटर राइटला हरवून जिंकला, घरच्या लोकांच्या आवाजावर तरंगत. एप्रिल 2024 मध्ये रीझाला जर्मनीच्याच मार्टिन शिंडलरने गर्विन प्राइसला 8–5 ने हरवलं. त्याआधी 2018 मध्ये सारब्र्युकनला मॅक्स हॉपने मायकेल स्मिथला 8–7 ने हरवून पहिल्यांदा जर्मन माणसाचं नाव या टूरच्या करंडकावर नेलं होतं. 2012 मध्ये ही टूर सुरू झाली तेव्हा प्रेक्षक जर्मन आणि विजेते बाहेरचे, असंच चित्र होतं. ते हळूहळू बदललं आणि आमच्या क्लबमध्ये मुलांची संख्या वाढली ती याच काळात.

पण याच आवाजाची दुसरी बाजूही आहे आणि त्याबद्दल मला गप्प बसवत नाही. जर्मन खेळाडूचा सामना असला की समोरचा डबलवर आला की शिट्ट्या सुरू होतात. आता जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत. कृपा करून त्यात सामील होऊ नका, सहकारी वाजवत असले तरीही. 1 जानेवारी 2023 ला लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमध्ये गॅब्रिएल क्लेमेन्सविरुद्ध खेळताना गर्विन प्राइसने मध्येच कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन चढवले होते. माजी विश्वविजेत्यावर ती पाळी आली. तो सामना क्लेमेन्स 5–1 ने जिंकला आणि जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारा पहिला जर्मन ठरला. तो उत्तम खेळला होता, पण त्या दिवसाबद्दल बोलताना लोक आधी हेडफोनबद्दल बोलतात, याचं मला वाईट वाटतं. गा, नाचा, वेशभूषा करून जा, 180 च्या पाट्या हलवा. खेळाडू डबलसमोर उभा राहिला की मात्र तीन सेकंद तोंड बंद ठेवा. इतकंच.

बसायच्या जागेबद्दल एक व्यवहाराचं सांगते. मंचाजवळचं टेबल महाग असतं आणि तिथून डार्ट दिसत नाहीत. बोर्ड 451 मिलिमीटर व्यासाचा, डार्ट बोटाएवढा, तेव्हा पुढे बसा की मागे, सगळे मोठ्या पडद्यावरच बघतात. पडद्यासमोर सरळ येणारी जागा घ्या, जरा मागची चालेल. खेळाडू चालत येतात त्या वाटेच्या कडेला मिळाली तर उत्तमच.

टूरचा हिशेब तिथेच संपत नाही. वर्षभराच्या या स्पर्धांतून मिळालेल्या रकमेची वेगळी यादी असते आणि तिच्यातले पहिले 32 ऑक्टोबरात डॉर्टमुंडच्या युरोपियन चॅम्पियनशिपला जातात. 2024 मध्ये तिथे रिची एडहाउस जिंकला, जर्मेन वॉटिमेनाला 11–3 ने हरवून. त्याआधी त्याच्या नावावर ही टूर चालवणाऱ्या पीडीसी या संघटनेचं एकही मोठं विजेतेपद नव्हतं. पुढच्या वर्षी जियान व्हॅन वेनने ल्यूक हम्फ्रीजला 11–10 ने, म्हणजे शेवटच्या शक्य त्या लेगमध्ये हरवलं. म्हणून सिंडेलफिंगेनच्या शनिवारी यादीत तिसाव्या-बत्तिसाव्या जागेवरचा खेळाडू खेळत असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्या एका सामन्याच्या पैशांवर त्याचा ऑक्टोबर अवलंबून असू शकतो.

तुमच्या घरच्यांना पुण्यात बघायचं असेल तर पीडीसीची स्वतःची पीडीसीटीव्ही सेवा आहे. दुपारचं सत्र इथे एकला सुरू होतं, म्हणजे उन्हाळी वेळेत भारतात साडेचार. संध्याकाळचं सातचं सत्र तिथे साडेदहाला, त्यामुळे अंतिम सामना बघायला जागावं लागतं. भारतातून नितीन कुमार जागतिक स्पर्धेत खेळला आहे. युरोपियन टूरवर नियमित दिसायचं तर मात्र टूर कार्ड हवं. त्यासाठी जानेवारीत क्यू-स्कूल नावाची पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि कार्ड फक्त 128 जणांकडे असतं.

आता मुलीचं. हो, शिकवा. स्पर्धेला न्यायचं असेल तर तिकिटावरची वयाची अट आधी नीट वाचा, आणि नेलंत तर दुपारच्या सत्राला न्या. संध्याकाळी बिअर जास्त झालेली असते. शिकायला जवळचा क्लब शोधा. इथे जवळपास प्रत्येक गावात असतो आणि मुलांचा वेगळा दिवस असतो. पबमधल्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर सुरुवात करू नका, कारण तिथले प्लॅस्टिक टोकाचे डार्ट आणि मोठे रकाने यांची सवय मोडायला नंतर वेळ जातो. वजनाचा फार विचार नको, 20 ते 22 ग्रॅम बरे पडतात. पहिले सहा महिने तिला ट्रेबल 20 कडे बघूच देऊ नका. डबल 16 वरून सुरू करा, मग 8, 4, 2, 1. लागला की पुढचा. माझ्याकडे येणारी मुलं हेच करतात आणि वर्षाच्या आत मोठ्यांना डबलवर हरवतात.

घरी बोर्ड लावणार असाल तर सिसलचाच (घायपाताच्या धाग्यांचा) घ्या, मागे रबरी किंवा फोमचं कडं लावा आणि शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीवर ठोकू नका, कारण डार्टचा ठोका भिंतीतून फार लांब जातो. बुलचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटर उंच. रेषा 2.37 मीटरवर, पण हे अंतर भिंतीपासून मोजायचं नाही. बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागाची सरळ खाली जमिनीवर खूण करून तिथून मोजायचं, इथे सगळे चुकतात. शेवटी बुलच्या मध्यापासून रेषेपर्यंत तिरकी फीत धरून बघा. 2.93 मीटर आले म्हणजे बरोबर लागलं.